मुलगा छाती का झाकतो?

मंडळी, मागच्या पावसाळ्यात 13 वर्षांचा एक मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला. शर्टाच्या आत दोन बनियन, दप्तर छातीशी घट्ट धरलेलं. "पोहायला जाणं सोडलंय, कारण सांगत नाही," आई म्हणाली. तपासताना स्तनाग्राखाली बोटांना रबरासारखी एक चकती लागली, रुपयाच्या नाण्याएवढी. दाबल्यावर तो कळवळला. नुसती चरबी असती तर अशी चकती हाताला लागली नसती. मग त्यानं खालमानेनं विचारलं, "डॉक्टर, मी मुलगी होतोय का?" हा प्रश्न त्या पोरानं कित्येक महिने एकट्यानं वागवला होता.

नाही, तो मुलगी होत नव्हता. मुलाच्या किंवा पुरुषाच्या स्तनातल्या ऊती अशा वाढण्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. स्तनाच्या ऊती पुरुषालाही असतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) त्यांना वाढवतं, टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक आवरून धरतं. पुरुषाच्या शरीरातलं बरंचसं इस्ट्रोजेन टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होतं, तेही मुख्यतः चरबीत. अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) ते काम करतं. वयात येताना काही काळ हा तोल ढळतो. सुमारे निम्म्या मुलांना कमीजास्त प्रमाणात हे होतं आणि बहुतेकांचं 6 महिने ते 2 वर्षांत आपोआप ओसरतं. अशा मुलाला घरात, वर्गात कुणी चिडवत असेल तर ते आधी थांबवा. औषधापेक्षा त्याची गरज मोठी आहे.

एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. दुसऱ्या महायुद्धात उपासमार भोगलेल्या युद्धकैद्यांना सुटकेनंतर पोटभर जेवण मिळू लागलं, अंगावर मांस चढू लागलं, आणि त्यांतल्या काहींची छाती दुखरी होऊन वाढली. उपासमारीत मंदावलेल्या वृषणांचं काम पुन्हा सुरू झालं होतं. मोठी माणसं जणू दुसऱ्यांदा वयात येत होती.

मोठ्या वयात मात्र कारण शोधावंच लागतं. हृदयाच्या किंवा यकृताच्या रुग्णांना देतात ती स्पायरोनोलॅक्टोनची गोळी, यकृताचा सिरोसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं), जन्मतः एक एक्स गुणसूत्र जादा असणं, कारणं पुष्कळ आहेत. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

जिममधल्या इंजेक्शनांबद्दल मला कळकळीनं बोलायचंय. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूतली पियुषिका ग्रंथी वृषणांना संदेश धाडणं कमी करते. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात. आणि जादा टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होऊन छाती वाढते. दंड फुगलेला तरुण शर्ट काढायला लाजतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

एकाच बाजूला टणक गाठ, आत ओढलेलं स्तनाग्र किंवा रक्तासारखा स्राव दिसला तर थांबू नका. स्तनाच्या कर्करोगाच्या 100 रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. अशा तक्रारीत मी वृषणंही तपासतो, कारण तिथली लहानशी गाठसुद्धा संप्रेरकांचा तोल बिघडवू शकते. तरुणांनो, त्या तपासणीला लाजून नाही म्हणू नका.