टाकीच्या तळाला लागलेलं प्रवाळ

नमस्कार श्रोतेहो. दूध पातेल्याच्या तळाला लागलं, की आपण खरवडून काढतो. आज अशाच एका खरवडीची गोष्ट सांगतो, फक्त ही समुद्राच्या पाण्यातली आहे.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला बेटांची माळ आहे, फ्लोरिडा कीज. तिथल्या उथळ समुद्रात एल्कहॉर्न नावाचं प्रवाळ वाढतं, हरणाच्या शिंगांसारखं फांद्याफांद्यांचं. लाट आधी त्याच्यावर फुटते, मग किनाऱ्याला लागते. रोगाने ते इतकं मेलं, की 2006 साली अमेरिकेला त्याचं नाव धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घालावं लागलं. आणि हो, मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळं वेगळं. ते प्रवाळभिंत बांधत नाही. मंगळाचंही काही करतं असं मला वाटत नाही, पण ते असो.

तर खरवड. तिथे समरलँड की बेटावर मोट या सागरी संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे. 15-20 वर्षांपूर्वीची गोष्ट. डेव्हिड व्हॉन नावाचे संशोधक टाकीतलं एल्कहॉर्न हलवायला गेले. उचलतात तर निघेना, तळाला चिकटलेलं. जरा जोर लावला आणि कट्‌! तुकडा मोडला. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, दगडाच्या घरात राहणारे इवलेसे जीव, पॉलिप. त्यातले दोन-चार तळालाच राहिले. व्हॉन यांना वाटलं, मारले आपण बिचाऱ्यांना. काही दिवसांनी त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं, तर त्या दोन-चारांचे कितीतरी झालेले! तळावर चकतीसारखे पसरलेले. ज्या मोठ्या तुकड्याला जपत होते तो जागच्या जागी, आणि ही खरवड सुसाट. पुन्हा सांगतो, मोडलेलं, मागे राहिलेलं, तेच जोमाने वाढलं. विरजणाला चमचाभर दही लागतं, तसंच.

मग ते मुद्दामच करवतीने प्रवाळाचे नखाएवढे तुकडे करू लागले. एकाच प्रवाळाचे तुकडे शेजारी चिकटवले, की वाढता वाढता एकमेकांत मिसळून जातात. भाऊबंदकी नाही! (आमच्या गावी बांधावरून तिसरी पिढी कोर्टात आहे.) हजारो तुकडे समुद्रात लावले गेले.

पण 2023च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी तापलं. मॅनटी बे या उथळ खाडीत पारा 38 अंशांवर गेला. अंघोळीचं पाणी म्हणा ना! माणसांनी समुद्रातल्या रोपवाटिकेतली, म्हणजे लावण्यासाठी वाढवत ठेवलेली, प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत नेली. समुद्रात राहिली त्यांतली, कीजच्या पट्ट्यात, 98 ते 100 टक्के एल्कहॉर्न मेली. तुकडे कितीही केले तरी रक्त तेच, उन्हाला तितकंच हळवं.

म्हणून आता परगावचं स्थळ पाहिलंय. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशाच्या टेला उपसागरातलं एल्कहॉर्न, गरम, गढूळ पाण्यात तगलेलं. फ्लोरिडाच्या एल्कहॉर्नशी त्याचा संकर झाला, आणि 2025च्या जुलैत ती पिल्लं मायामीजवळच्या समुद्रात लावली. नाव ठेवलंय फ्लॉन्डुरन. दोन्ही माहेरांची नावं जोडून!