फुटपाथवरचं झाकण आणि मतपत्रिकेवरचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

२९ मे १८९६ रोजी डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवर एका गुत्त्यात आठ माणसं जमली आणि त्यांनी आयरिश सोशलिस्ट रिपब्लिकन पार्टी काढली. सूत्रधार होता जेम्स कॉनली. त्याचं म्हणणं सरळ होतं. उद्या इंग्रजी फौज गेली, डब्लिनच्या किल्ल्यावर हिरवा झेंडा चढला, पण जमीनदार आणि कारखानदार जागचे हलले नाहीत, तर राज्य इंग्रजांचंच राहील. तिथली समाजवादी प्रजासत्ताकवादी परंपरा इथून सुरू होते. पुढे तिला फाटे फुटले. आज तिच्यावर हक्क सांगणाऱ्या गटांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, आणि हे न पटणं आजच्या गोष्टीत कामाला येणार आहे.

गोष्ट पाणीपट्टीची आहे. आयर्लंडमध्ये घरपट्टी १९७७च्या निवडणुकीनंतर रद्द झाली आणि पाण्याचा खर्च बहुतांशी सर्वसाधारण करांतून भागू लागला. नव्वदच्या दशकात डब्लिनच्या परिषदांनी पाणीपट्टी लावून पाहिली, पण लोकांनी भरली नाही. १९९६ साली डब्लिन वेस्टच्या पोटनिवडणुकीत पाणीपट्टीविरोधी समाजवादी उमेदवार जो हिगिन्स थोडक्यात हरला. त्या हरण्यानेच सरकार इतकं घाबरलं की वर्ष संपण्याआधी पट्टी मागे घेतली. मग बँका बुडाल्या, २०१० साली ८५ अब्ज युरोची मदत घ्यावी लागली आणि तिच्या अटींत पाणीपट्टी पुन्हा आली. त्यासाठी २०१३ साली आयरिश वॉटर ही कंपनी उभी राहिली. जानेवारी २०१४ मध्ये तिच्या प्रमुखांनी रेडिओवरच्या मुलाखतीत सांगून टाकलं की पहिल्या वर्षात सल्लागारांवर सुमारे ५ कोटी युरो खर्च झाले. विरोधकांना वेगळा प्रचार करायची गरजच उरली नाही.

आता लढाईच्या जागेकडे येऊ. ही जागा म्हणजे घरासमोरच्या फुटपाथवरचं एक झाकण. त्याखाली त्या घराची पाण्याची मेन चावी असते. ठेकेदाराची माणसं सकाळी यायची, फरशी कापायची, जुनी चावी काढून प्लास्टिकची पेटी बसवायची, तिच्यात मीटर फिरवून घट्ट करायची आणि वरून सिमेंट ओढून पुढच्या दारी जायची. या कामाला दोन गोष्टी लागतात, मोकळी जागा आणि सलग वेळ. विरोधकांनी नेमक्या त्याच दोन हिरावून घेतल्या. ठेकेदाराचे कठडे कामाभोवती लागण्याआधीच माणसं झाकणावर जाऊन उभी राहायची, नाहीतर मोटार त्यावर लावून ठेवायची. हाताने काही करायचं नाही, कुणाला धक्का द्यायचा नाही, नुसतं उभं राहायचं. एकदा कठडे लागले की आत शिरणारा कायद्याच्या कचाट्यात सापडतो, म्हणून सगळी घाई पहिल्या काही मिनिटांची. वस्तीच्या तोंडावर एकजण पहाऱ्याला असायचा. ठेकेदाराची गाडी दिसली की फोनवर निरोप फिरायचा आणि दारं उघडायची.

यात फसायचं कुठे? एक म्हणजे दिवसा ओस पडणाऱ्या वस्त्या. जिथे नवराबायको दोघं कामावर, तिथे मीटर मुकाट्याने बसले. जिथे निवृत्त माणसं, घरी असणाऱ्या बायका आणि बेकार पोरं होती, उदाहरणार्थ उत्तर डब्लिनचं एडनमोर, तिथे काम अडलं. दुसरं म्हणजे न्यायालय. ठेकेदाराने मनाई हुकूम आणला की कामगारांपासून २० मीटर लांब राहायचं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हुकूम मोडल्याबद्दल काहींना तुरुंगात पाठवलं. तिसरी गोष्ट सर्वांत महागात पडली. १५ नोव्हेंबर २०१४ रोजी डब्लिनच्या जॉब्सटाउन या उपनगरात उपपंतप्रधान जोन बर्टन यांची मोटार जमावाने दोन-अडीच तास अडवून धरली. पुढे पहाटे धरपकड झाली आणि डांबून ठेवल्याचा गुन्हा लागला. २९ जून २०१७ रोजी सहा जण निर्दोष सुटले खरे, पण मधली अडीच वर्षं कार्यकर्त्यांचा वेळ आणि वर्गणी वकिलांकडे गेली. रस्त्यावर जमाव आणताना तो कधी आणि कुणाच्या शब्दावर हटणार हे आधी ठरलेलं नसलं, की असं होतं.

आणि खरं सांगायचं तर मीटर रोखण्यात ते हरलेच. शेवटी साडेआठ लाखांहून अधिक मीटर बसले. जिंकले ते बिल न भरण्यात.

इथे जरा हिशेब करू. नोव्हेंबर २०१४ मध्ये सरकारने घाबरून दर खाली आणले, एकट्या माणसाला वर्षाला १६० युरो, बाकी घरांना २६०. पाणी तोडण्याची किंवा दाब कमी करण्याची धमकीही मागे घेतली. उशिराचा दंड एकट्याला ३०, इतरांना ६० युरो. थकबाकी पगारातून किंवा भत्त्यातून कापायचा नवा कायदा २०१५ साली केला, पण तो लागू होणार ५०० युरोंच्या पुढच्या कर्जाला. आकारणी जानेवारी २०१५ला सुरू झाली आणि २०१६च्या मध्यापर्यंत स्थगित झाली. पुरतं दीड वर्ष धरलं तरी मोठ्या घराचे ३९० आणि दंडाचे ६०, म्हणजे ४५०. पाचशेचा उंबरठा कुणी ओलांडलाच नाही. लोकांचा राग शांत करायला दर उतरवले, आणि त्याच उतरवण्याने वसुलीचं हत्यार बोथट झालं. पहिल्या बिलाच्या वेळी निम्म्याहून कमी ग्राहकांनी पैसे भरले होते. शिवाय नोंदणी करणाऱ्या घराला १०० युरोचं अनुदान ठेवलं होतं, ते बिल न भरणाऱ्यालाही मिळायचं! आपल्याकडच्या साराबंदीत जप्तीचा अधिकारी दारात उभा असे. इथे तो निघेपर्यंत खेळ संपला होता.

न भरण्याच्या प्रश्नावरच चळवळ दुभंगली होती. कामगार संघटनांच्या पुढाकाराने उभी राहिलेली राइट टू वॉटर ही आघाडी मोर्चे काढी, पण ‘भरू नका’ असं म्हणत नव्हती. एरीगीसारखे छोटे समाजवादी प्रजासत्ताकवादी गट आणि ट्रॉट्स्कीपंथी (रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीला मानणारे समाजवादी) बहिष्काराच्या बाजूने होते. सर्वांत मोठा प्रजासत्ताकवादी पक्ष शिन फेन पट्टीला विरोध करी, पण त्याचे नेते स्वतःचं बिल भरू असं म्हणत. याचा निकाल १० ऑक्टोबर २०१४च्या डब्लिन साउथ-वेस्टच्या पोटनिवडणुकीत लागला.

तिथली मतदानाची रीत आपल्या विधान परिषदेसारखीच, पसंतीक्रमाची. फरक इतकाच की आपल्याकडे ती आमदार, पदवीधर किंवा शिक्षक वापरतात, तिथे प्रत्येक मतदार. पहिल्या फेरीत शिन फेनचा कॅहल किंग सुमारे ७५० मतांनी पुढे होता. दुसरा होता बहिष्कारवाला पॉल मर्फी. तळाचे उमेदवार एकेक करून बाद होऊ लागले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती किंगपेक्षा मर्फीकडे जास्त जाऊ लागली. शेवटी मर्फी पाचशेहून अधिक मतांनी निवडून आला, तोही कोटा, म्हणजे निवडून यायला ठरलेला मतांचा आकडा, न गाठता. मतमोजणी आणि डब्लिनमधला पहिला प्रचंड मोर्चा एकाच दिवशी, ११ ऑक्टोबरला होते. काही दिवसांतच शिन फेनचे नेते म्हणू लागले, आम्हीही बिल भरणार नाही.

या मोजणीतली एक गंमत सांगतो. मतपेट्या उघडून कागद सुलटे करताना सर्व पक्षांचे कार्यकर्ते कठड्याला टेकून उभे असतात. हातात पाटी, पाटीवर उमेदवारांच्या नावांचा तक्ता. दिसेल त्या पहिल्या पसंतीला एक रेघ, पाचवी रेघ आडवी. एकेक पेटी ठरावीक गल्ल्यांची, त्यामुळे अधिकृत निकालाच्या कितीतरी आधी कळतं की कोणती वस्ती कुणाकडे गेली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष हे तक्ते एकत्र करतात, कारण एकट्याला सगळी टेबलं पुरत नाहीत. छोट्या पक्षाला याचं मोल अधिक. जिथे झाकणावर माणसं उभी राहिली तिथे मतं पडली का, याचा पुरावा त्या रेघांत असतो.

फेब्रुवारी २०१६च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं, पट्टी स्थगित झाली आणि २०१७ साली रद्द. ज्यांनी इमानदारीने बिलं भरली त्यांना पैसे परत मिळाले, सुमारे १७ कोटी युरो. मीटर मात्र फुटपाथखाली आहेत आणि गळती शोधायला वापरले जातात. त्याच २०१७च्या कायद्यात अतिवापराच्या आकारणीचं कलमही आहे. चार माणसांपर्यंतच्या घराने वर्षाला २,१३,००० लिटरच्या वर पाणी वापरलं तर पैसे पडतील, असं त्यात म्हटलंय. त्याची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली.

नमस्कार.