जुनी रिओहा चाखताना

मंडळी, ही बाटली परवापासून या टेबलावर उभी आहे. तिला कुणी हात लावायचा नाही, असं मी आल्या आल्या बजावलं होतं. 1982 ची रिओहा, म्हणजे स्पेनची लाल वाइन, त्यातही ग्रान रेसेर्वा, म्हणजे सगळ्यात जास्त मुरवलेली. बूच ओलं राहावं म्हणून इतकी वर्षं ती आडवी पडून होती. साका तळाला बसावा म्हणून आता उभी केली. हा साका म्हणजे घाण नव्हे. द्राक्षाच्या सालीतला रंग आणि तुरटपणा देणारी टॅनिन्स एकमेकांना चिकटत जड होतात आणि खाली बसतात. म्हणूनच जांभळट लाल वाइन वयाबरोबर विटकरी होते, आणि जिभेला मऊ लागते.

रिओहा उत्तर स्पेनमध्ये, एब्रो नदीच्या खोऱ्यात. मुर्रिएता या वाइनघराने 1852 मध्ये आणि रिस्कालने 1858 मध्ये तिथे फ्रान्समधल्या बोर्दोच्या पद्धतीने वाइन करायला सुरुवात केली. पुढे फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधल्या वेलींची मुळं खाल्ली, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत रिओहात उतरले. रिओहातल्या आरो गावात रेल्वे आलेली होती, त्यामुळे स्टेशनाच्या आसपासच वाइनघरं उभी राहिली: लोपेस दे एरेदिया 1877, कुने 1879, ला रिओहा आल्ता 1890. विसाव्या शतकाच्या तोंडावर कीड रिओहातही पोचली आणि तिथल्या वेली अमेरिकन खुंटावर कलम कराव्या लागल्या. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला खुंटकलम शिकवायला नको. आपला डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच, फक्त आपण तो क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी वापरतो.

पद्धत बोर्दोची घेतली, 225 लिटरची पिंपंही तिथलीच, पण लाकूड मात्र अमेरिकन ओकचं. जुन्या रिओहाची ओळख त्या लाकडात आहे. अमेरिकन ओक वाइनला व्हॅनिलाचा आणि खोबऱ्याचा वास देतो. खोबरं तर आपल्या नाकाला लहानपणापासून ओळखीचं, म्हणून मला वाटतं, मराठी माणसाला जुनी वाइन समजून घ्यायची असेल तर त्याने इथून सुरुवात करावी.

ग्रान रेसेर्वा किमान पाच वर्षं मुरवावी लागते, त्यातली निदान दोन पिंपात. लोपेस दे एरेदिया तर ती दहा वर्षांच्या आसपास पिंपात ठेवतात. लाकडातून हवा अगदी थोडी थोडी आत येते, शिवाय अधूनमधून वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात. हवेची अशी सवय लागलेली वाइन बाटलीत लवकर खचत नाही. तेम्प्रानियो, गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो या द्राक्षांच्या मिश्रणात ग्रासियानो आणि मासुएलो आंबटपणा राखतात. वय झालेल्या वाइनचा कणा म्हणजे हा आंबटपणा. तो गेला की उरतं नुसतं तपकिरी पाणी.

'जितकी जुनी तितकी चांगली' हे मात्र डोक्यातून काढून टाका. जगातल्या बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायच्या असतात. चाळिशी ओलांडलेल्या वाइनमध्ये ताज्या फळाची चव शोधू नका. सुकं अंजीर, खारीक, तंबाखू, चामडं, पावसाळ्यातली अळंबी, हे शोधा. एका मित्राने पहिल्याच घोटाला ग्लास खाली ठेवला होता, "यात द्राक्ष कुठाय?" म्हणून. मी त्याला वीस मिनिटं थांबायला सांगितलं. नंतर बराच वेळ तो ग्लास नाकापासून दूर करेना.

ते थांबणं फार महत्त्वाचं आहे. उघडल्यावर बंद खोलीसारखा कुबट वास आला तर घाबरू नका, बऱ्याचदा तो पंधरा मिनिटांत उडतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास असेल आणि तो वाढतच गेला, तर बूच बिघडलंय, बाटली गेली. माझ्या हातून अशी एक 1964 ची गेली आहे. 1964 हे रिओहाचं फार मोठं साल. ती बाटली आजही आठवते. वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, डिकँटरमध्ये, तासन् तासही ठेवू नका, उरलेला सुगंध नाजूक असतो.

जुन्या बुचात स्क्रू घातला की त्याचा भुगा होतो, म्हणून हे दोन पात्यांचं ओपनर. पाती कडेने आत सरकवायची, मग पिळत पिळत वर. आलं, अख्खं आलं!

आता दिवे थोडे कमी करा आणि मेणबत्ती इकडे द्या. आपण पंधरा जण, बाटली 750 मिलीची, तेव्हा वाट्याला तीन-चार घोटच येतील. मानेखाली ज्योत धरून ओततो. साक्याची धुरासारखी रेघ मानेकडे सरकताना दिसली की मी थांबेन, उरलेलं बाटलीतच राहील. ग्लास जोरात फिरवू नका. आधी नुसता वास घ्या.