त्वचेवाटे शरीरात शिरणारी रसायने

नमस्कार, श्रोतेहो. निपाणी-चिकोडीकडची तंबाखू असो, अथणीकडच्या द्राक्षबागा असोत किंवा हुक्केरी-रायबागचा ऊस असो, पाठीवर पंप अडकवून औषध मारणारा माणूस आपल्या भागात जागोजागी दिसतो. औषध नाकातोंडात जाऊ नये म्हणून तो रुमाल बांधतो. अंगावर ओघळणाऱ्या औषधाचे मात्र त्याला विशेष काही वाटत नाही. वास्तविक फवारणी करणाऱ्याच्या शरीरात जाणारे कीटकनाशक बहुतेक वेळा नाकातोंडापेक्षा त्वचेवाटेच अधिक जाते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तळहात आणि तळपाय सोडले, तर त्याची जाडी साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढीच भरते. विटांच्या सांध्यांत चुना भरावा तसे या पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात, त्यामुळे पाणी आणि पाण्यात विरघळणारे क्षार सहजासहजी आत जात नाहीत; परंतु ज्याचा रेणू लहान आहे आणि जे स्निग्ध पदार्थांत विरघळते, अशा रसायनाला तीच वाट मोकळी होते. अनेक ऑर्गॅनोफॉस्फरस, म्हणजे फॉस्फरसयुक्त रासायनिक, कीटकनाशके याच प्रकारची आहेत. त्यातच बाटलीतल्या मूळ औषधात तेलकट द्रावकही असतो, म्हणून पाणी घालण्याआधीचे औषध उघड्या हाताने मापणे हा सगळ्यांत धोक्याचा क्षण होय.

सगळीकडची त्वचा सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी 1967 साली हायड्रोकॉर्टिसोन हे त्वचाविकारांवरचे औषध शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून तुलना केली. कोपर ते मनगट या भागाच्या आतील बाजूपेक्षा कपाळावरून ते सुमारे 6 पट, तर वृषणांवरील त्वचेतून तब्बल 42 पट शोषले गेले. आकाशवाणीवर हा उल्लेख काहींना अवघड वाटेल, पण तो टाळण्यासारखा नाही. कारण पंपाचे झाकण किंवा नळीचा जोड गळत असला, की औषध पाठीवरून खाली उतरते, कमरेशी कापडात मुरते आणि नेमके जांघेत पोहोचते. तिथे ओले कापड तासन्‌तास अंगाला चिकटून राहते, घामाने त्वचा मऊ पडते आणि शोषण आणखी वाढते. हातमोजे घालून गळका पंप वापरणाऱ्याने त्यामुळे फारसे काही साधलेले नसते.

शिवाय वरच्या थरात मुरलेले रसायन काही काळ तिथेच साठून राहून हळूहळू रक्तात उतरू शकते. म्हणूनच रानात ठणठणीत असलेल्या माणसाला घरी आल्यावर घाम सुटणे, तोंडाला लाळ येणे, नजर अंधुक होणे असा त्रास सुरू होऊ शकतो. अशा वेळी कपडे ताबडतोब उतरवून साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

तंबाखूच्या बाबतीत तर फवारणीचीही गरज नसते. निकोटिन पाण्यात आणि स्निग्ध पदार्थांत, दोन्हींत विरघळते, त्यामुळे दवाने भिजलेल्या हिरव्या पानांतून ते थेट कातडीत जाते. सकाळी ओल्या पिकात शेंडे खुडणाऱ्या बाईला दुपारपर्यंत मळमळ, उलटी, चक्कर आणि डोकेदुखी सुरू झाली, की घरात पित्ताचे किंवा उन्हाचे निमित्त सांगितले जाते. तंबाखू खाण्याची सवय असलेल्यांना हा त्रास कमी जाणवतो, कारण त्यांच्या शरीराला निकोटिन अंगवळणी पडलेले असते. नव्याने कामावर आलेल्या मुलींना तो अधिक होतो. दव वाळल्यावर रानात शिरणे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालणे आणि भिजलेले कपडे लगेच बदलणे, एवढ्यानेही हे शोषण पुष्कळ कमी होते.