ज्याने विकला त्यालेच वापस दे

नमस्कार मंडळी. पत्रिकेत ‘ई-कचरा आणि उत्पादकाची जबाबदारी’ असा भारदस्त विषय छापला आहे. सतरंजीवरचे दोन पोट्टे आत्ताच जांभया देऊन राहिले. द्या, द्या. मी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस, म्हणून सुरुवात मावशीच्या टीव्हीपासून करतो.

आर्वीकडच्या एका खेड्यात माझी मावशी राहते. तिचा २१ इंची, मागे ढेरी सुटलेला टीव्ही बंद पडला. फ्लायबॅक, म्हणजे ट्यूबला जास्त दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, गेला असता तर बदलून दिला असता. पण पिक्चर ट्यूबच गेलेली. मावशी म्हणाली, “ज्याने विकला त्यालेच वापस दे नं बाप्पा!” वस्तू निकामी झाली तरी तिची जबाबदारी बनवणाऱ्याचीच, असं स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्टने १९९० मध्ये मांडलं, ते हेच. त्याला पुढे तज्ज्ञ म्हणाले. आमची मावशी चौथी पास.

टीव्ही मोटरसायकलला बांधून डीलरकडे नेला. तो म्हणतो, नवा घ्या, जुन्याचं आम्ही काय करू? कंपनीच्या नंबरवर फोन लावला. अर्धा तास सनई ऐकवली आणि मग एक मुलगी म्हणाली, “सर, आपका पिनकोड हमारी सेवा में नहीं है.” म्हटलं, बाई, विकताना तर हाच पिनकोड चालला होता! फोन कटला.

शेवटी कबाडी आला. १२० रुपये दिले आणि अंगणाबाहेरच घण घातला. ट्यूबच्या मानेवरची तांब्याची कॉइल काढली, काच नाल्यात लोटली. त्या ढेरीच्या काचेत विषारी शिसं असतं, मंडळी. वायरी पऱ्हाटीच्या जाळावर टाकल्या. वायरीवरच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या त्या धुरात डायॉक्सिन नावाचं विष. कबाड्याला मी शिव्या देणार नाही. तो निदान दारापर्यंत तरी आला. आणि जुन्या मोबाईलवर प्लास्टिकचा टब देणारे? हसू नका वहिनी, तुमच्याकडचा टब मी पाहिला आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर कायदा. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे, १ मे २०१२ पासून लागू. मग २०१६ चे. आता २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून. यादीत १०६ वस्तू, सोलर पॅनलसुद्धा, म्हणजे तुमच्या शेतातल्या पंपाचं पॅनलही आलं. वस्तूचं सरासरी आयुष्य धरून तितक्या वर्षांपूर्वी कंपनीने जेवढा माल विकला, त्याच्या ६० टक्के आधी, मग ७०, आणि २०२७-२८ पासून ८० टक्क्यांचा हिशेब तिने द्यायचा. कसा? नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेऊन. ती मिळतात कचऱ्यातून काढलेल्या सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियमवर, काचेवर नाही. मग शिशाच्या काचेसाठी खेड्यात येतो कोण? शहरातला माल जवळ पडतो, कागद तिथेच पुरा होतो.

माझं म्हणणं एवढंच, की जिनिंगात कापूस टाकायला गेलेली बंडी येताना ढेप घेऊन येते. आपल्याकडे नवे टीव्ही-फ्रिज उतरवून ट्रक नागपूरला रिकामा जातो. त्याच ट्रकात जुना माल चढवा, आणि जुना देणाऱ्याला नव्याच्या बिलात ठरलेली रक्कम वळती करा. भाडं कंपनीचं. डीलरचं कमिशन किती, सोलर पॅनल कोण उतरवणार, तेही सांगायचं होतं. पण अध्यक्ष उभे राहिले.

हो, आटोपलंच. काच अजून नाल्यात आहे. पाहायची असेल तर सकाळी चला माझ्यासंगं, फक्त पायात चपला घालून या.