चिंबोरीच्या अंगातला हिशेब

मंडळी, बडोद्यात समुद्र नाही, पण दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चिंबोरीचं कालवण व्हायचं, कारण आजोळ रत्नागिरीचं. सुट्टीत तिथे गेलं की आजी बाजारात खेकडा हातात तोलून बघायची. हलका लागला की खाली ठेवायची. "पोकळ आहे, नुसतं पाणी."

त्या खेकड्याने नुकतीच कात टाकलेली असायची. जुनं कवच सोडलं की खेकडा पोटभर पाणी ओढून घेतो, मऊ अंग फुगवतो आणि मग नव्या कवचात चुना भरायला लागतो. त्यासाठी लागणारं कॅल्शियम बहुतेक समुद्राच्या पाण्यातून, कल्ल्यांवाटे येतं. ते कवच टणक होईपर्यंत कुणीही यावं आणि त्याला खावं, अशी त्याची अवस्था असते.

आता हे पाणीच बदलतंय. कारखाने सुरू होण्याआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे 280 भाग होता, आज तो 420च्या वर आहे. आपण सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र गिळतो. तो पाण्यात विरघळला की आम्ल तयार होतं, त्यामुळे पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू (pH, तो उतरला की पाणी आम्लाकडे झुकतं) 8.2 वरून 8.1च्या आसपास आला. यालाच समुद्राचं आम्लीकरण म्हणतात. आकडा किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी अशी आहे की एवढ्यानेच हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लपणा, जवळपास 30 टक्के वाढतात.

शाळेत अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून कवच विरघळवतात. तो प्रयोग इथे दाखवायचं मी मुद्दाम टाळलं. समुद्र व्हिनेगर झालेला नाही, तो आजही अल्कधर्मीच आहे. शिवाय 2009 मध्ये जस्टिन रीस हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 जातींचे जीव जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात वाढवले, तेव्हा बऱ्याच जातींचं कवच घडणं मंदावलं, पण निळा खेकडा, शेवंड आणि एक मोठी कोळंबी, या तिघांनी उलट जास्तच चुना साठवला. कवच बनवायला हे प्राणी पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून होणारं बायकार्बोनेट वापरू शकतात आणि आम्लीकरणात ते वाढतं.

मग काळजी कशाची? रक्ताची. आपल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, म्हणून बाहेरच्या हवेत तो थोडा वाढला तर श्वासाचं काही अडत नाही. पाण्यात श्वास घेणाऱ्या खेकड्याच्या रक्तात तो मुळातच फार कमी. रक्त आणि पाणी यांच्यातल्या त्या बारीकशा उतारावरून वायू बाहेर वाहतो. पाण्यातला वाढला की उतार सपाट होतो, वायू आत तुंबतो, रक्त आम्लाकडे झुकतं. त्याचं रक्त निळसर, तांबं असलेल्या हिमोसायनिन या प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं, आणि आम्ल वाढलं की हिमोसायनिनची प्राणवायूवरची पकड सैल होते. म्हणून कल्ल्यांमधल्या पेशी सोडियम-पोटॅशियमचे पंप चालवून आम्ल बाहेर ढकलत राहतात. त्यातच चुना साठवतानाही आम्ल सुटतं, म्हणजे कात टाकल्यावर हे काम दुप्पट. पंपांना इंधन लागतं, आणि ते वाढीच्या आणि अंड्यांच्या वाट्यातून जातं.

अलास्काच्या लाल किंग क्रॅबची पिल्लं 7.5 सामूच्या पाण्यात ठेवली, तर 95 दिवसांत एकही उरलं नाही. त्यांच्या अंगातलं कॅल्शियम मोजलं, तर ते कमी झालेलं नव्हतं! मला या विषयातला सगळ्यात बोलका निकाल हाच वाटतो.

सगळे खेकडे सारखे नाहीत, हेही सांगायला हवं. गुजरातेत कांबोईजवळ, मही नदीच्या मुखाशी चिखलात राहणारा खेकडा रोजच्या भरती-ओहोटीत पाण्याचे चढउतार सोसतो. अशा किनाऱ्यावरच्या जातींचे पंप दणकट असतात. खोल, थंड, स्थिर पाण्यातल्यांना ही सवयच नाही. तिथला टॅनर नावाचा एक खेकडा रक्तात वाढलेलं आम्ल आवरूच शकला नाही. आणि त्याहून नाजूक असतात अंडी.

बडोद्याच्या कमाटी बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, आपण सगळ्यांनी लहानपणी त्याखाली उभं राहून मान वर केली आहे. एवढा प्राणी जगतो तो क्रिलवर, बोटाएवढ्या कवचधारी जिवावर. अंटार्क्टिक क्रिलची अंडी शेकडो मीटर खोल बुडत जातात आणि तिथे त्यांतून पिल्लं बाहेर येतात, आणि खाली कार्बन डायऑक्साइड आधीच वरच्यापेक्षा जास्त असतो. प्रयोगशाळेत तो आणखी वाढवत नेला, तर एका टप्प्यानंतर अंड्यांतून पिल्लं बाहेर येईनाशीच झाली.