चांदीचा घट आणि तांब्याचा हिशेब

(दसऱ्यासाठी गावी आलेले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करणारे कारागीर, आणि विज्ञानाचे विद्यार्थी यांच्यासमोर विटा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

श्रोतेहो,

आपल्या व्यवसायात ‘घट’ हा शब्द फारसा शुभ मानला जात नाही. मूस भट्टीतून निघाली, लगड थंड झाली आणि तराजूत वजन कमी भरले की तिला आपण घट म्हणतो, आणि ती कोणाच्या खात्यावर टाकायची यावरून वाद घालतो. आज मी ज्या घटाविषयी बोलणार आहे तो ही घट नव्हे आणि नवरात्रातला घटही नव्हे. एका भांड्यात चांदीच्या क्षाराचे पाणी, त्यात दोन धातू आणि त्यांतून जाणारी थोडीशी वीज, एवढाच त्याचा संसार आहे. रसायनशास्त्रात त्याला विद्युत अपघटनी घट म्हणतात. मात्र त्याच्याकडे दुर्लक्ष केले तर त्यातही घट येते, आणि ती कशी येते हेच मला आज मुख्यतः सांगायचे आहे.

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतली माणसे दुष्काळी शेती मागे ठेवून देशभरातल्या बाजारपेठांत गलाईसाठी गेली. त्यामुळे या सभागृहात बसलेल्या अनेकांना अर्धे रसायनशास्त्र हाताने येते, फक्त त्याची नावे ठाऊक नसतात. सोने शुद्ध करताना आपण त्यात चांदी मिसळतो, पातळ पत्रा करून तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळतो. सोने तळाशी राहते आणि चांदी पाण्यात उतरते. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की थोड्याच वेळात तिच्यावर राखाडी चांदी फुलून येते आणि पाणी निळे पडते. येथे तांब्याने स्वतः विरघळून चांदीला बाहेर ढकललेले असते. अशी चांदी चांगली धुतली तर साधारण ९९ टंचाच्या आसपास, म्हणजे शंभर भागांत ९९ भाग शुद्ध, भरते. उरलेला एक टंच काढणे हे घटाचे काम आहे. ९० टंचाची किंवा ७० टंचाची चांदी थेट शुद्ध करणे हे त्याचे काम नव्हे. ही गोष्ट मी स्वतः नुकसान सोसून शिकलो, ती थोड्या वेळाने सांगतो.

आधी घटात काय घडते ते पाहू. अशुद्ध चांदीची पट्टी विजेच्या धन टोकाला जोडतात, ते धनाग्र. ऋण टोकाला बहुधा स्टेनलेस स्टीलचा पत्रा असतो, ते ऋणाग्र. द्रवात सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदी तेजाबात विरघळून होणारा क्षार, आणि किंचित नायट्रिक आम्ल असते. वीज सुरू झाली की धनाग्रावरचा चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन सोडून आयन होतो आणि द्रवात उतरतो, तर ऋणाग्रापाशी दुसरा एक आयन इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा चांदी होतो. धनाग्रातले तांबेही विरघळते, परंतु चांदी पुरेशी असेपर्यंत ते ऋणाग्रावर बसत नाही. प्रमाण विभव या मापात ज्या धातूचा आकडा मोठा तो आधी बसतो; त्यात चांदीचा आकडा अधिक ०.८० व्होल्ट आणि तांब्याचा अधिक ०.३४ व्होल्ट आहे. म्हणजे या पंगतीत पहिला पाट चांदीचा, आणि चांदीची पंगत उठल्याशिवाय तांब्याला बसायला मिळत नाही. सोने तर धनाग्रावरून विरघळतच नाही. ते काळ्या गाळाच्या रूपाने खाली पडते, आणि म्हणून धनाग्राभोवती कापडाची पिशवी बांधतात.

ही पद्धत नवी नाही. बर्नहार्ड मोबियस याने १८८४ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्याच्या घटात दोन्ही अग्रे उभी असतात. पुढे आलेल्या बाल्बाख-थुम पद्धतीत ऋणाग्र तळाशी आडवे असते आणि धनाग्र वर टोपलीत ठेवतात. हौशी माणसे स्टीलचा वाडगाच ऋणाग्र करून त्यात वरून पिशवी सोडतात. ही त्या दुसऱ्या पद्धतीचीच धाकटी आवृत्ती होय.

चांदी आणि वीज यांचे नाते इतके चोख आहे की एके काळी विजेचे माप चांदीवरून ठरत असे. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून दर सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी बसवणारा प्रवाह म्हणजे एक आंतरराष्ट्रीय अँपिअर, अशी व्याख्या १९४८ पर्यंत चालू होती. आपल्या सोयीचा आकडा असा की एक अँपिअर प्रवाह एक तास चालला तर ४.०२५ ग्रॅम चांदी बसते. पाच अँपिअरचा घट तासाला २० ग्रॅम आणि दिवसरात्र चालला तर सुमारे ४८० ग्रॅम चांदी देतो. ज्याला रोज दहा किलो माल काढायचा आहे त्याने घरगुती घटाच्या नादी लागू नये, हे या एका आकड्यावरूनच स्पष्ट होते.

आता माझे नुकसान. नोकरीत असताना, साधारण पंचवीस वर्षांपूर्वी, मी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिला घट मांडला. पुस्तकातली आकृती समोर होती, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतो तसला डी.सी. पॉवर सप्लाय होता आणि दीड लिटर द्रवात लिटरला शंभर ग्रॅम या प्रमाणात चांदी होती. धनाग्र म्हणून घरातल्या मोडीच्या पैंजणांची आणि वाळ्यांची वितळवून केलेली ५०० ग्रॅमची पट्टी लावली; टंच ८०. संध्याकाळी पाच अँपिअर प्रवाह सोडला. रात्री ऋणाग्रावर पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक चमकत होते, आणि सकाळी द्रव सुरेख निळा झाला होता. दुपारी जेवून आलो तर स्फटिकांच्या टोकांवर विटकरी रंगाची भुकटी धरलेली होती. ते तांबे होते. पट्टी अजून अर्धीही विरघळलेली नव्हती.

चूक कोठे झाली हे मला दोन दिवसांनी कागद-पेन्सिल घेतल्यावर कळले. तांब्याचा एक आयन तयार होताना दोन इलेक्ट्रॉन सुटतात, आणि ते दोन इलेक्ट्रॉन ऋणाग्रावर चांदीचे दोन अणू बसवतात. म्हणजे ६३.५ ग्रॅम तांबे द्रवात शिरले की २१५.७ ग्रॅम चांदी द्रवातून बाहेर पडते, आणि तिच्या जागी धनाग्राकडून चांदी येत नाही. एका ग्रॅम तांब्यामागे ३.४ ग्रॅम चांदी, हा घटाचा खरा हिशेब आहे. माझ्या द्रवात चांदी होती १५० ग्रॅम. ती उपसून काढायला ४४ ग्रॅम तांबे पुरे होते, आणि तेवढे तांबे त्या पट्टीच्या पहिल्या २२० ग्रॅममध्येच होते. मी पैंजणे शुद्ध करीत आहे अशा समजुतीत होतो. प्रत्यक्षात बरणीतल्या शुद्ध सिल्व्हर नायट्रेटची चांदी बाहेर काढून तिच्या जागी तांबे भरीत होतो.

हाच हिशेब निरनिराळ्या टंचांना लावून पाहा. एक किलो ९० टंचाच्या चांदीतले शंभर ग्रॅम तांबे द्रवातून ३४० ग्रॅम चांदी ओढते. ९७ टंचाची किलोभर चांदी सुमारे १०२ ग्रॅम ओढते, आणि ९९ टंचाची केवळ ३४ ग्रॅम. आजीच्या पेटीतले राणी छापाचे कलदार रुपये ९१.७ टंचाचे असतात. तेही थेट घटात घालण्याच्या लायकीचे नाहीत, आणि खरे सांगायचे तर ते वितळवूच नयेत. १९४० नंतरच्या रुपयांत चांदी निम्म्यावर आली, त्यांचा प्रश्नच नाही. म्हणून माझा नियम असा ठरला की कमी टंचाचा माल आधी तेजाबात विरघळवून तांब्याने पाडून घ्यावा, धुवावा, वितळवावा आणि मगच त्याचे धनाग्र करावे. गलाईवाल्याला ही पहिली पायरी येतेच. म्हणूनच घट ही त्याच्या दुकानातली दुसरी पायरी होऊ शकते. हे न सांगता केवळ घटाची आकृती दाखवणारी पुस्तके माणसाला खड्ड्यात घालतात, असे माझे मत आहे.

मांडणीविषयी थोडक्यात सांगतो. पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, हवे. आपल्या भागातल्या विहिरींचे पाणी मचूळ असते, नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. दोन्हींतले क्लोराइड चांदीशी मिळून पांढरे दही धरते आणि ती चांदी कामातून जाते. पिशवी टेरिलीनची किंवा पॉलिएस्टरची असावी, कारण सुती कापड आम्लात जिरते. धनाग्र ओतताना त्याला वर एक कान ठेवावा आणि तारेचा चिमटा द्रवाच्या वर त्या कानाला लावावा. चिमटा बुडाला तर तोही विरघळून द्रवात जातो. विजेचा दाब दोन ते तीन व्होल्टच्या पलीकडे नेण्याची गरज पडत नाही.

स्फटिकांवर मात्र सतत नजर हवी. घटातली चांदी मुलाम्यासारखी सपाट बसत नाही, तर फांद्या फुटाव्यात तशी धनाग्राच्या दिशेने वाढत जाते. एका रात्री माझ्या हातून दुर्लक्ष झाले आणि एक फांदी पिशवी भेदून पट्टीला जाऊन टेकली. सकाळपर्यंत सप्लायमधून पूर्ण प्रवाह वाहत होता आणि चांदी जराही बसली नव्हती. तेव्हापासून दर दोन तासांनी प्लास्टिकच्या उलथन्याने स्फटिक खाली पाडायचे आणि झोपताना घट बंद करायचा, ही माझी शिस्त झाली. द्रवाचा रंगही पाहत राहावे. निळा रंग गडद होऊ लागला की थोडा द्रव काढून घ्यावा, त्यातली चांदी तांब्याने पाडावी आणि घटात सिल्व्हर नायट्रेटचे ताजे द्रावण घालावे. तांबे चांदीच्या बरोबरीला येईपर्यंत मी कधीच थांबत नाही.

काढलेले स्फटिक डिस्टिल्ड पाण्याने पुनःपुन्हा धुवावेत. धुण्याच्या पाण्याच्या थेंबात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून दुधाळपणा आला नाही, म्हणजे नायट्रेट निघून गेले असे समजावे. तांबे तपासायला काही जण अमोनिया वापरतात. ती परीक्षा थेंबावर करावी आणि लगेच आम्ल घालून टाकून द्यावी, कारण चांदीचे आणि अमोनियाचे पाणी ठेवून दिले तर त्यात हात लावताच फुटणारा काळा पदार्थ तयार होऊ शकतो. स्फटिक सुकले की टाकणखाराचा थर देऊन मुशीत वितळवावेत. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेल्या अवस्थेत आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन पिऊन घेते. थिजताना तो बाहेर पडतो आणि चांदी थुंकल्यासारखी उडते. लगडीच्या पाठीवर फोड दिसले तर ती भेसळ समजू नये. त्या खुणा बहुधा या ऑक्सिजनच्या असतात. टंच काढायला यंत्राकडे गेलात, तर क्ष-किरणांचे ते यंत्र ९९.९ आणि ९९.९९ यांतला फरक खात्रीने सांगू शकत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आता घरगुती या शब्दाविषयी. घट स्वतः शांत आहे. त्यातून धूर निघत नाही. धोका आहे तो तेजाबात चांदी विरघळवताना निघणाऱ्या तपकिरी वायूत. तो श्वासात गेला तर त्या क्षणी केवळ खोकला येतो, आणि फुप्फुसांत पाणी भरण्याचा प्रकार काही तासांनी, माणूस घरी जाऊन झोपल्यावर घडू शकतो. गलाईच्या बंदिस्त माळ्यावर वर्षानुवर्षे हा वायू पिऊन आलेली माणसे या सभागृहात आहेत. त्यांना मी वेगळे काय सांगणार? ते काम उघड्यावर किंवा वायू ओढून घेणाऱ्या धुरांड्याखालीच व्हावे, आणि राहत्या घरात मुळीच होऊ नये. जुन्या दागिन्यांच्या डागात, म्हणजे सांधा जोडायच्या धातूत, पुष्कळदा कॅडमिअम असते, ज्याला बाजारात केडीएम म्हणतात. त्याचा धूरही तितकाच घातक आहे. हे काम व्यवसाय म्हणून करायचे असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी लागते.

राहिला पिशवीतला काळा गाळ आणि भांड्यातले निळे पाणी. गाळ धुऊन, सुकवून बाटलीत जमवावा. मोडीच्या चांदीवर कधीतरी सोन्याचा मुलामा असतो, कधी सोनाराच्या मुशीतले सोने मिसळलेले असते, आणि झारेकरी ज्या चिकाटीने दुकानाची धूळ पाखडतो तीच चिकाटी येथे उपयोगी पडते. माझ्याकडे अनेक वर्षांच्या गाळातून दीड ग्रॅम सोने निघाले. निळे पाणी मात्र गटारात ओतू नये. तांबे आणि चांदी या दोहोंचे आयन जमिनीतल्या आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना मारतात, आणि आपले गटार शेवटी येरळा नदीलाच मिळते. आधी त्यात तांब्याची पट्टी ठेवून उरलेली चांदी काढून घ्यावी, मग लोखंडाचे तुकडे टाकून तांबे पाडावे, आणि शेवटी चुन्याची निवळी घालून आम्लता मारावी. खाली बसलेला लोखंडाचा तांबूस गाळ वेगळा ठेवून पात्र ठिकाणी सोपवावा. पाडलेले तांबे धुऊन, वितळवून त्याचीच पट्टी ओतली तर ती पुढच्या खेपेला चांदी पाडायला कामी येते. माझ्या शेडमध्ये एकच तांबे अशा रीतीने अनेक फेऱ्या करून आले आहे.